ज्याचा पत्ता नाही त्याची बायको

गडहिंग्लजच्या कोर्टात माझी बरीच वर्षं गेली. मुसलमान पक्षकार माझ्याकडे येतात ते बांधाच्या भांडणासाठी, वाटणीसाठी, क्वचित अपघाताच्या दाव्यासाठी. म्हणजे बाकीचे ज्यासाठी येतात त्याचसाठी. लग्नाच्या भानगडी ते आपापसात मिटवतात, असा आमच्याकडचा समज. दिवाळीच्या आधी मात्र बागवान गल्लीतली एक मुलगी आली. पुढ्यात बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, कोर्टातनं सोडचिठ्ठी घेतली तर ती आमच्या लोकांत चालती का?"

कायदा मला ठाऊक होता. चालती का, हे ठाऊक नव्हतं. तिला आठ दिवसांनी ये म्हटलं आणि भिवंडीला सुजाताला फोन लावला. सुजाता जाधव माझी कोल्हापूरच्या लॉ कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील एसटीत होते, बदलीवर कोल्हापूरला आले होते, म्हणून आमची गाठ पडली. आता ती भिवंडीत काही वकिलांनी मिळून चालवलेल्या मोफत मदत केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्या बायका बहुतेक मुसलमान.

माझा प्रश्न ऐकून ती हसली. "अगं, हे फोनवर नाही कळायचं. इथे एकाच बाईला सोडवायला तीन दुकानं आहेत आणि तिघांचे तराजू वेगळे. ये तू."

बॅग भरून मी निघाले. प्रवासात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

काल्हेर

सुजाताचं घर काल्हेरला, नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला खाडीची चिंचोळी पट्टी दिसते, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना गोदामांचे पत्रे. निळे, पांढरे, मधूनच गंजलेले. त्यांच्यामधून ट्रक सरकतात. आमच्याकडे उसाच्या हंगामात कारखान्याबाहेर गाड्यांची रांग लागते, ती मी मोठी समजत होते.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली सुजाताच्या आई लसूण सोलत बसलेल्या. त्या इथल्याच गावातल्या. मला म्हणाल्या, "तुमच्याकडं मासं कुठं असं मिळतंय? न्हाय ना? खा मंग." सुकट, तांदळाची भाकरी आणि वर कांदा. तांबडा रस्सा ओरपणारी मी, पण त्या सुकटीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. आईंना फार आनंद झाला.

जेवताना सुजातानं शकीलाची गोष्ट सांगितली. सध्या तिची केस चालू होती आणि तीनच दिवसांनी तारीख होती.

शकीला भिवंडीचीच. नवरा इम्तियाज उत्तर प्रदेशातला, गोंड्याकडचा. निजामपुऱ्यात लूम चालवायचा. पहिल्या लॉकडाऊनमध्ये लूम बंद पडले, तेव्हा तो आणखी काही कारागिरांबरोबर एका ट्रकमधून गावाला निघाला. शकीला आणि मुलगी आफरीन मागे राहिल्या. सगळं सुरू झालं की तो परत येणार होता. धुळ्याजवळ ट्रक थांबला. इम्तियाज पाणी आणायला उतरला आणि ट्रक सुटला. बाकीचे गावाला पोचले. तो ना गावाला पोचला, ना परत आला. पोलिसांत हरवल्याची नोंद झाली. फोन बंद.

"चार वर्षं पत्ता नसला की मुसलमान बाईला कोर्टातून तलाक मागता येतो," सुजाता म्हणाली. "स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा कायदा आहे. नवऱ्याच्या भावाला त्यात पक्षकार करावं लागतं. त्यानं कोर्टात सांगायचं की आम्हालाही काही खबर नाही. परवा तो गावाहून येतोय. तो एवढं बोलला की मग फार काही उरत नाही."

"तिला दुसरं लग्न करायचंय का?"

"एका विधुर शिंप्याचं स्थळ आहे. पण ती म्हणते, आधी मला कळू द्या की मी कोण आहे. विधवा की बायको."

निजामपुरा

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजातानं मला रिक्षात घातलं आणि निजामपुऱ्यात उतरवलं. गल्ली एवढी अरुंद की समोरून कापडाचे तागे लादलेली हातगाडी आली तेव्हा मी एका घराच्या उंबऱ्यावर चढले. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड. इचलकरंजी आमच्या जवळच, त्यामुळे तो आवाज ओळखीचा. तिथे 'माग' म्हणतात, इथे 'लूम'. सूत गुंडाळायची कांडी मात्र दोन्हीकडे कांडीच. आपलं माणूस परगावी भेटावं तसं वाटलं.

नाश्त्याला सुजातानं एका हॉटेलात निहारी मागवली. लालभडक तवंग पाहून मला मिसळीचा कट आठवला आणि मी सरळ वाटी तोंडाला लावली. वेटर धावत आला. "मॅडम, रोटी के साथ!" शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसू दाबत माझ्याकडे रोटीची टोपली सरकवत म्हणाले, "आदत नहीं होगी."

तिथून आम्ही जुबैदा आपांच्या बैठकीला गेलो. एक दुकान कोर्टाचं; सुजातानं सांगितलेल्या तिघांपैकी हे दुसरं. मोहल्ल्यातल्या बायकांनीच चालवलेलं. एका घराची बाहेरची खोली, खाली सतरंजी, कोपऱ्यात चहाचं आधण. बाहेर चपलांचा ढीग.

मी वाटेत हिंदी जुळवून ठेवलं होतं. "आपा, मैं गडहिंग्लज से आयी हूँ, आपका काम देखने के लिए."

आपांनी चष्मा वर केला. साठीच्या, ठेंगण्या, पांढरी ओढणी. "मराठीत बोल गो. आमी कोकणी मुसलमान. आमचा घर इथं कवापासनं हाय, ते माझ्या आज्यालाबी ठावं नव्हतं."

मी तिथे दुपारपर्यंत बसले. आमच्याकडे विधी सेवा समितीच्या शिबिरात बाई आली की आम्ही पहिल्यांदा अर्ज पुढे करतो. सुजाताच्या केंद्रात पहिले प्रश्न असतात कधी, कुठे, साक्षीदार कोण. आपांच्या बैठकीत पहिला अर्धा तास कुणीच मुद्द्याचं बोलत नव्हतं. आलेल्या बाईला चहा मिळायचा, तिच्या गुडघेदुखीची चौकशी व्हायची, शेजारणीच्या मुलीच्या बारशासारखं काहीबाही निघायचं.

"यात वेळ जात नाही का?" मी विचारलं.

"जातो ना. बाय येते नि बोलते, नवऱ्याला सरळ करा. घंटाभर बसली का मंग बोलते, नवरा र्‍हाऊ द्या, मला सासूच्या घरातनं भाईर काढा. पयलाच अर्ज लिवला असता तर चुकीचा लिवला असता."

तिथेच मला शकीला भेटली. पस्तिशीची, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. राहनाळच्या एका गोदामात ती पॅकिंगला जाते. दुपारची शिफ्ट असली की सकाळी आपांकडे येते. गोदामातल्या सोबतिणी मराठी असल्यानं तिची मराठी स्वच्छ होती, मधे मधे हिंदी.

तिच्यासमोर सना नावाची मुलगी रेकॉर्डर घेऊन बसली होती. सना मुंबईच्या एका हक्क संघटनेची. लॉकडाऊनमध्ये वाटेत हरवलेल्या कामगारांबद्दल त्यांचा अहवाल व्हायचा होता.

"यातून माझं काय होणार?" शकीलानं तिला विचारलं.

सना गडबडली नाही. "तुमचं कदाचित काहीच नाही होणार. पुढे असं कुणाचं झालं तर सरकारला विचारता येईल की नोंद का ठेवली नाही."

शकीलानं थोडा विचार केला. "मग लिही. पण माझं नाव नको. आफरीनच्या शाळेत कळेल."

निघताना घोटाळा झाला. सगळ्या चपला तपकिरी, रबरी. मी बोलण्याच्या नादात एक माझी आणि एक कुणाची तरी घालून निघाले आणि चौकात पोचल्यावर डावा पाय चावायला लागला तेव्हा कळलं. मागून आपांच्या बैठकीतली एक बाई माझी चप्पल हातात घेऊन धावत येत होती, स्वतः एका पायात माझ्यासारखीच विजोड घालून.

मुफ्तीसाहेबांची खोली

संध्याकाळी मी मुफ्तीसाहेबांना भेटले. सुजाताच्या भाषेत तिसरं दुकान, म्हणजे दारुल कझा. लग्न, तलाक, वारसा यांवर शरियतप्रमाणे निवाडा देणारी जागा. त्या निवाड्याला कायद्याचं बळ नाही, मोहल्ल्यात मान मात्र आहे. शकीलाचा अर्ज तिथेही होता.

मी साडीचा पदर डोक्यावर ओढून घेतला, तो सारखा घसरत होता. मुफ्तीसाहेब चाळिशीचेच निघाले. त्यांनी सलाम केला. मी गोंधळून नमस्कार करत करत तोच सलाम तसाच परत केला. ते हसले. "आप पदर की फिक्र न करें, मोहतरमा. आरामसे बैठिये."

मी थेट विचारलं, "कोर्टाचा निकाल असताना इथल्या निकालाची गरज काय?"

त्यांनी माझ्यापुढे खजूर ठेवले. मग समजावलं की नवरा बेपत्ता असेल तर जुन्या फिकहप्रमाणे, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे, बाईनं त्याच्या बरोबरीची माणसं जगातून जाईपर्यंत थांबावं, असं एक मत होतं. नंतरच्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, दुसऱ्या पंथाचं मत घेऊन ती मुदत चार वर्षांवर आणली. "रास्ता निकाला गया, औरतों के लिए ही," ते म्हणाले. "आता हिच्या हातात कोर्टाचा कागद आला, आणि उद्या निकाहच्या दिवशी कुणी म्हणालं की हा निकाल गैरमुस्लिम जजनं दिलाय, मी मानत नाही, तर? ती कुणाकुणाला समजावत फिरणार? आणि फक्त माझा कागद असेल, तर पासपोर्टवाला म्हणेल हे काय आणलं? दोन्ही लागतात."

बागवान गल्लीतल्या मुलीला द्यायचं उत्तर मला तिथे मिळालं होतं. खरं तर तिथूनच परत फिरले असते तरी चाललं असतं. पण मला आता शकीलाची तारीख बघायची होती.

उठताना मुफ्तीसाहेबांनीच मला विचारलं, "आपके यहाँ अगर शौहर लापता हो जाए तो?"

"सात वर्षं," मी म्हटलं. "हिंदू कायद्यात सात वर्षं थांबावं लागतं."

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच.

दीर

इम्तियाजचा भाऊ मुश्ताक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. खांद्यावर गमछा, हातात भावजयीसाठी आणलेली चण्याच्या सत्तूची पिशवी. तारीख पुढच्या सकाळी. आपांनी निरोप धाडला की त्याला माझ्याकडे जेवायला आणा.

सुजाता चिडली. आम्ही दोघी तिथे गेलो तेव्हा तिनं आपांना दारातच गाठलं. "आपा, तो उद्या माझा साक्षीदार आहे. आज त्याला बैठकीत बसवून प्रश्न विचारू नका."

"साक्षीदार तो उद्या. आज तो दीर हाय," आपा म्हणाल्या. "लांबनं आलाय, उपाशी ठेवू?"

सतरंजीवर दस्तरखान पसरला. भात, दालचा, लिंबाचं लोणचं. मुश्ताक मान खाली घालून जेवत होता. शकीला पाण्याचा जग घेऊन सगळ्यांना वाढत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. सुजाता माझ्या शेजारी, घट्ट ओठांनी.

आपा कोर्टाचं काहीच बोलल्या नाहीत. विचारलं ते पिकाचं, पावसाचं, म्हशीचं. मग म्हणाल्या, "अम्मा कैसी है तुम्हारी? अब भी रोती है?"

मुश्ताक घास तोंडाशी नेत म्हणाला, "नहीं आपा. अब नहीं रोती."

"कब से?"

त्याचा हात थांबला.  आपांनी आणखी काही विचारलं नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिल्या. मी कोर्टात उलटतपासण्या खूप पाहिल्या, स्वतः केल्या. अशी पाहिली नाही.

मुश्ताकनं घास ताटात ठेवला आणि गमछा डोळ्यांना लावला. "बकरीद पर फोन आया था उसका. परसाल नहीं, उसके पहलेवाली बकरीद. सूरत में है. अम्मा से कसम ले ली कि किसीको नहीं बताना."

ट्रक सुटल्यावर इम्तियाज धुळ्याहून मिळेल त्या गाडीत बसला होता. ती गाडी सूरतेला चालली होती. तिथे लूमवर काम मिळालं. मग त्यानं तिथेच निकाह केला. एक लहान मूल आहे.

मी शकीलाकडे पाहिलं. तिनं जग खाली ठेवला. हळूच, आवाज न करता.

"हाथ-पैर सलामत हैं?" तिनं विचारलं.

मुश्ताकला कळलं नाही.

"अपघात-बिपघात काही? अपाहिज तो नहीं हुआ?"

"नहीं भाभी. ठीक है."

"अच्छा," ती म्हणाली. मग जग परत उचलून आत गेली. आतून पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तसाच येत राहिला. आपा उठून आत गेल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा शकीला त्यांच्यामागे होती. चेहरा ओला, पण आवाज स्थिर. मुश्ताक हात जोडून उभा राहिला. "भाभी, कल कोर्ट में मैं वही बोल दूँगा जो लिखा है. कि कोई खबर नहीं. आप छूट जाओगी."

सगळ्यांच्या माना सुजाताकडे वळल्या.

"नाही," सुजाता म्हणाली. "आता मला माहीत आहे की ते खोटं आहे. मी त्याला पिंजऱ्यात उभं नाही करू शकत."

शकीलाचा संयम तिथे सुटला. "म्हणजे? भागा वो, झूठ बोले ये लोग, और सच की सज़ा मुझे? उद्या माझं सुटलं असतं, मॅडम!"

सुजाताचा चेहरा उतरला. मला तिची कीव आली. तिच्या जागी मी असते तर मलाही वेगळं काही सुचलं नसतं. ती खाली सतरंजीवर, शकीलाच्या समोर बसली.

"ऐक. नवरा बेपत्ता म्हणून तलाक दिला तरी कोर्ट सहा महिने थांबतं. तेवढ्यात तो हजर झाला आणि म्हणाला मी नांदायला तयार आहे, तर तो निकालच रद्द होतो. आणि तो कुठे आहे हे आता एवढ्या जणांना कळलंय."

शकीलानं ओढणीनं चेहरा पुसला.

"पण त्यानं तुला इतकी वर्षं पोसलं नाही, नवरा म्हणून वागला नाही, हीसुद्धा कायद्यात कारणं आहेत. त्यावर मिळेल. अर्ज बदलावा लागेल. वेळ लागेल."

"किती?"

"खोटं नाही सांगत. माहीत नाही."

शकीला मुश्ताककडे वळली. "नको भैया. उद्या खरं सांगा. खोट्यावर सुटले तर तो कधीही येऊन दार वाजवेल, आणि मी रोज दाराकडे बघत बसेन. ते तर मी आत्तापर्यंत केलंच."

कोर्ट

भिवंडीचं कोर्ट आमच्यासारखंच. तोच टायपिंगचा आवाज, तेच पुकारे, तेच बाकावर डुलक्या काढणारे पक्षकार. इथे पुकारा झाला की निम्मी नावं मला उर्दू वळणाची ऐकू येत होती, एवढाच फरक. सुजातानं उठून सांगितलं की पतीचा ठावठिकाणा लागला आहे, अर्ज दुरुस्त करायला वेळ हवा. मुश्ताकनं न्यायाधीशांसमोर भावाचा पत्ता सांगितला.  पुढची तारीख पडली.

बाहेर चहाच्या टपरीवर सुजाता म्हणाली, "मी आपांना नको म्हणत होते, आठवतंय ना? माझ्या पद्धतीनं गेले असते तर आज एक खोटी साक्ष झाली असती आणि मला कधी कळलंही नसतं."

"आणि आपांच्या पद्धतीनं नुसतं कळलं असतं," मी म्हटलं. "पुढे काय?"

ती चहा फुंकत हसली. "ते पण खरं."

सना तिथेच होती. ती अहवाल बाजूला ठेवून सकाळपासून फोनवर होती. सूरतमध्ये त्यांच्या ओळखीची माणसं होती. कामगारांच्या वस्तीत काम करणारी. दुपारी तिनं सांगितलं की माणूस सापडला, घर पाहिलं, आणि बोलायला तयार आहे. हक्कांचे अहवाल लिहिणारी मंडळी मला आजवर जरा हवेतली वाटायची. हवेतल्या माणसांची सूरतच्या गल्लीत ओळख असते, हे नवीन होतं.

फोन

माझा शेवटचा दिवस. मुफ्तीसाहेबांच्या खोलीत फोन लावायचं ठरलं. शकीला, आपा, सुजाता, मी. मुफ्तीसाहेबांनी फोन स्पीकरवर टाकून मधल्या चौरंगावर ठेवला आणि आधी शकीलाला विचारलं, "बहन, तुम्हें क्या चाहिए? वापस रहना चाहो तो वो भी कह सकती हो."

"खुला," ती म्हणाली. खुला म्हणजे बायकोनं मागितलेली आणि नवऱ्यानं मान्य केलेली सुटका.

पलीकडून आवाज आला. मी राक्षसाचा आवाज ऐकायच्या तयारीत होते. हा तर साध्या, दबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता. मुफ्तीसाहेबांनी कडक शब्दांत त्याला चार गोष्टी सुनावल्या. तो सगळ्याला "जी, जी" म्हणत होता. खुल्यालाही लगेच "जी" म्हणाला. त्या घाईनं शकीलाच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"शकीला," तो म्हणाला, "माफ कर दे मुझे."

ती फोनकडे थोडी वाकली. "माफी यहाँ नहीं लिखते. यहाँ खुला लिखते हैं. वो लिख दो."

मग जराशानं पुन्हा बोलली. "और एक बात. आफरीन को मैं नहीं बताऊँगी कि तुम ज़िंदा हो. तुम बताओ. अपने मुँह से."

पलीकडे लहान मूल रडल्याचा आवाज आला. कुणीतरी त्याला गप्प केलं. "जी," तो म्हणाला, आणि या वेळी घाई नव्हती.

पुढचं मला गावी परतल्यावर सुजाताकडून कळलं, ते इथेच सांगून टाकते. सनाच्या माणसांनी सूरतमध्ये दोन साक्षीदारांसमोर त्याची सही घेतली, मुफ्तीसाहेबांनी खुल्याचा कागद केला, आणि तोच कोर्टात दाखल झाल्यावर निकाल सुजाताच्या अंदाजापेक्षा लवकर लागला. आफरीनला बापाचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही, आणि आठवडाभर आईच्या कुशीत झोपली. नंतर स्वतःहून एकदा त्याला फोन केला. काय बोलली ते कुणाला सांगितलं नाही. शिंप्याचं काय झालं, मी विचारलं. "अजून हो म्हणाली नाहीये," सुजाता म्हणाली. "पण आफरीनचा शाळेचा ड्रेस सध्या त्याच्याकडून शिवून घेतलाय."

राहनाळ

त्या दिवशी मुफ्तीसाहेबांकडून बाहेर पडलो तेव्हा शकीलाच्या शिफ्टची वेळ झाली होती. सुट्टी घे, असं आपा म्हणाल्या. ती नको म्हणाली. मला काल्हेरला परतायचंच होतं, म्हणून मी तिच्याबरोबर रिक्षात बसले.  वाटभर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बाहेर बघत होती.

राहनाळला गोदामाच्या फाटकाशी आम्ही उतरलो. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे. धुळीत चुली पेटवून ड्रायव्हर स्वयंपाक करत होते. मी तिला म्हटलं, "इतक्या लांब का येतेस कामाला? निजामपुऱ्यात कांडी भरायचं काम मिळालं असतं."

"मिळत होतं," ती म्हणाली. "जास्त पैशांचं होतं. पण तिकडे यूपीचे ट्रक येत नाहीत."

मला अर्थ लागायच्या आत एका ट्रकच्या केबिनमधून दाढीवाल्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. नंबरप्लेट उत्तर प्रदेशची. "ओ भाभी! बहुत दिन बाद दिखीं. भैया का कुछ पता चला?"

त्याच्या पलीकडच्या ट्रकमधल्या माणसानंही वळून पाहिलं. चुलीपाशी बसलेला एकजण पोळी तशीच तव्यावर ठेवून उठला. ते सगळे तिला ओळखत होते. चार वर्षांहून जास्त काळ ती या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारत आली होती, आणि ती माणसं तो आपल्याबरोबर धुळ्यापर्यंत, इंदूरपर्यंत, गोंड्यापर्यंत घेऊन जात होती.

"हाँ भैया," शकीला म्हणाली. "मिल गये. सूरत में हैं."

"अरे वाह! सही-सलामत?"

"सही-सलामत."

"अल्लाह का शुक्र है," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानं खरोखरच आनंदानं हॉर्न वाजवला. पलीकडच्यानंही वाजवला. त्या आवाजात शकीला काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. ती हसत होती की रडत होती, हेही मला नीट दिसलं नाही. तिनं ओढणी सावरली, हात वर करून त्यांचा निरोप घेतला आणि फाटकातून आत ड्युटीला गेली.